एका डोळ्याची बाहुली मोठी, दुसऱ्याची लहान : धोतरा लागला की मेंदूतली नस दबली? डॉक्टरांचा एक थेंब सांगतो फरक

वसई : वसईच्या पश्चिम पट्ट्यात मळ्यातली कामं अंधार असतानाच सुरू होतात. मोगरा खुडायचा, पुड्या बांधायच्या आणि दादरच्या फूलबाजारासाठी लवकरची लोकल गाठायची. बांधावर, पडीक वाडीत, रस्त्याच्या कडेला धोतरा न लावता उगवतो. जाता जाता कुणी तो उपटून फेकतो. महाशिवरात्रीला तर तुंगारेश्वराला वाहायला त्याची फुलं आणि काटेरी बोंडं मुद्दाम तोडली जातात. त्याच हाताने घाम पुसताना डोळा चोळला जातो आणि तास-दोन तासांनी समोरचा माणूस विचारतो, ‘‘अरे, तुझा एक डोळा असा काय दिसतोय?’’ आरशात पाहिलं तर एका डोळ्यातला काळा ठिपका दुसऱ्याच्या दुप्पट झालेला असतो. जवळचं धूसर दिसतं, उजेड सहन होत नाही.

घरचे घाबरतात, आणि घाबरणं चुकीचं नाही. अगदी असंच चित्र मेंदूतली रक्तवाहिनी फुगून डोळ्याच्या नसेवर दाब आल्यावरही दिसतं. पहिल्या प्रकारात दोन-चार दिवस थांबलं की डोळा आपोआप पूर्ववत होतो. दुसऱ्यात काही तासांचा उशीरही जीवावर बेततो. वरवर सारख्या दिसणाऱ्या या दोन डोळ्यांत फरक करायला डोळ्यांचे डॉक्टर एक जुनी, साधी युक्ती वापरतात : डोळ्यात ठरावीक औषधाचा थेंब टाकायचा आणि बाहुली काय करते ते पाहायचं.

बाहुली म्हणजे पडद्यातलं भोक

डोळ्याच्या मधोमध दिसणारा काळा ठिपका म्हणजे बाहुली. ती वेगळी वस्तू नाही. तपकिरी बुबुळाच्या पडद्याला पडलेलं ते गोल भोक आहे, उजेड आत जाण्यासाठी. भर उन्हात हे भोक साधारण २ मिलिमीटरपर्यंत आकसतं, अंधारात ८ मिलिमीटरच्या आसपास पसरतं.

हे काम दोन स्नायू करतात. एक स्नायू बाहुलीभोवती कड्यासारखा आहे. परकराची नाडी ओढली की घेर आवळतो, तसा हा आवळला की बाहुली लहान होते. दुसरा स्नायू छत्रीच्या काड्यांसारखा आडवा पसरलेला आहे, तो ओढला की बाहुली मोठी होते. दोघांच्या नसा वेगळ्या आणि त्या नसांचे रस्तेही वेगळे. आवळणाऱ्या स्नायूला मेंदूतून निघणारी तिसरी नस हुकूम देते. हीच नस वरची पापणी उचलते आणि डोळा फिरवणारे बरेचसे स्नायूही चालवते. पसरवणाऱ्या स्नायूची नस मात्र लांबचा वळसा घेऊन येते. मेंदूतून ती पाठीच्या कण्यात उतरते, छातीच्या वरच्या टोकाशी बाहेर पडते, फुफ्फुसाच्या शेंड्यावरून जाते आणि मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीला धरून पुन्हा वर डोळ्यात येते. आजार छातीत आणि खूण डोळ्यात, असं कधी कधी होतं ते या वळशामुळे.

नसेचं टोक स्नायूला थेट चिकटलेलं नसतं. मध्ये बारीकशी फट असते. नस त्या फटीत रसायन सोडते, ते स्नायूवरच्या कुलपात किल्लीसारखं बसतं आणि स्नायू हलतो. आवळणाऱ्या स्नायूची किल्ली म्हणजे ॲसिटिलकोलीन, पसरवणाऱ्याची नॉरॲड्रिनलीन. नावं लक्षात राहिली नाहीत तरी चालेल. कुलूप-किल्लीची गोष्ट तेवढी लक्षात ठेवावी, कारण डोळ्यात टाकायचे सगळे थेंब याच जागी काम करतात.

वायर तुटली की मोटार जळली?

विहिरीवरची मोटार बंद पडली की शेतकरी आधी काय पाहतो? वायर तुटली आहे की मोटारच जळली आहे. जनरेटर आणून थेट मोटारीला जोडला आणि ती फिरली, तर दोष वायरीत. फिरली नाही, तर मोटारीत.

डोळ्यासाठी हा जनरेटर म्हणजे पायलोकार्पीन नावाचं औषध. ब्राझीलमधल्या जाबोरांडी नावाच्या झुडपाच्या पानांतून ते १८७५ मध्ये वेगळं काढलं गेलं आणि लगेचच काचबिंदूसाठी वापरात आलं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांपैकी कुणाला काचबिंदू असेल तर त्यांनी ते कधी ना कधी टाकलेलं असण्याची शक्यता आहे. हे औषध ॲसिटिलकोलीनची नक्कल करतं. नस चालू असो वा बंद, ते थेट स्नायूवरचं कुलूप उघडतं आणि बाहुली आवळली जाते.

आता मोठ्या बाहुलीचा माणूस समोर बसला आहे असं समजा. डॉक्टर दोन्ही डोळ्यांत १ टक्का पायलोकार्पीन टाकतात आणि अर्ध्या-पाऊण तासाने पाहतात. तिसरी नस दबली असेल तर वायर बंद आहे, पण मोटार शाबूत आहे. त्यामुळे मोठी बाहुली आवळते.

धोतऱ्याचं तसं नाही. धोतऱ्याच्या पानाफुलांत, मुळांत, बियांत ॲट्रोपीन आणि त्याच्या जातीची इतर विषं असतात. ती स्नायूवरच्या कुलपातच जाऊन बसतात, भोकात काडी मोडून ठेवावी तशी. मग नसेने पाठवलेली खरी किल्लीही लागत नाही आणि पायलोकार्पीनची नकली किल्लीही लागत नाही. चांगल्या डोळ्याची बाहुली टाचणीएवढी होते, धोतरा लागलेली मात्र ढिम्म हलत नाही. डॉक्टरांना उत्तर मिळालं : नस ठीक आहे, डोळ्यात काहीतरी गेलं आहे.

मग चौकशी सुरू होते. मळ्यात काय उपटलं? बागेत उलट्या कर्ण्यासारखी मोठी फुलं लटकणारं शोभेचं झाड आहे का? तेही धोतऱ्याच्याच कुळातलं. घरात दम्याच्या पोराला वाफारा दिला का? वाफाऱ्याच्या औषधात इप्राट्रोपियम असेल आणि मास्क सैल असेल, तर वाफ वर डोळ्यात जाते आणि त्या बाजूची बाहुली मोठी होते. रात्री दोन वाजता मुलाची एक बाहुली मोठी पाहून आईबापांची काय अवस्था होते ते सांगायला नको. मुलगा जागा असेल, नीट ओळखत-बोलत असेल आणि पापणी खाली आलेली नसेल, तर मास्कची गोष्ट डॉक्टरांना आधी सांगावी.

या चाचणीलाही मर्यादा आहेत. धोतरा लागून तीन-चार दिवस झाले असतील तर विषाचा जोर उतरतो आणि पायलोकार्पीनने बाहुली थोडीफार आवळते, मग निकाल गोंधळात टाकतो. टेनिस बॉलचा फटका डोळ्यावर बसला असेल तर आवळणारा स्नायूच फाटलेला असू शकतो. तेव्हा मोटारच जळलेली असते, जनरेटर लावून उपयोग नाही. म्हणून डॉक्टर आधी यंत्राखाली बुबुळाची कडा तपासतात, थेंब नंतर.

थेंबाची वाट पाहायची नाही अशी वेळ

एका गोष्टीत मात्र प्रयोग करत बसायचं नाही. बाहुली मोठी आहे, त्याच बाजूची पापणी खाली आली आहे, पापणी उचलून पाहिलं तर डोळा बाहेर आणि खाली वळलेला आहे, एकाचे दोन दिसतात आणि डोकं अचानक जोराने दुखायला लागलं आहे, हे एकत्र आलं तर मेंदूच्या तळाशी असलेली रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगून तिसऱ्या नसेवर दाबत असण्याची शक्यता असते. हा फुगा फुटला तर मेंदूत रक्तस्राव होतो. इथे थेंब टाकून पाऊण तास घालवणारा डॉक्टर भेटणार नाही, भेटू नये. रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन आणि मेंदूचे सर्जन असलेलं रुग्णालय गाठायचं. जव्हार-मोखाड्याहून निघायचं असो की विरारहून, १०८ ला फोन करताना ‘डोळा दुखतोय’ एवढंच सांगू नये. ‘डोकं फुटेल असं दुखतंय, पापणी पडली आहे आणि बाहुली मोठी झाली आहे’ असं पूर्ण सांगावं. त्यावरून समोरच्याला निकड कळते.

मधुमेह असलेल्यांचीही पापणी अशी अचानक पडते, डोळा फिरतो, दुखतंही. पण त्यांच्यात बहुतेक वेळा बाहुली शाबूत राहते. त्याचं कारण मजेशीर आहे. तिसऱ्या नसेत बाहुलीच्या तारा बाहेरच्या सालीजवळून जातात. बाहेरून दाब आला की त्याच आधी चेपतात. मधुमेहात नसेच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्या बंद होतात, नुकसान गाभ्यात होतं आणि सालीजवळच्या तारा वाचतात. अशी नस बहुधा तीनेक महिन्यांत आपोआप सुधारते. तरी हा निवाडा घरी करायचा नाही. पडलेली पापणी डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवायची.

डोक्याला मार लागलेल्या माणसाचंही असंच. महामार्गावर बाईक घसरली, हेल्मेट नव्हतं, माणूस आधी बोलत होता, आता गुंगतोय आणि एक बाहुली मोठी होत चालली आहे, याचा अर्थ कवटीच्या आत दाब वाढतो आहे. अशा रुग्णाची बाहुली हीच डॉक्टरांची खिडकी असते, दर थोड्या वेळाने ते टॉर्च मारून पाहतात. म्हणून त्याच्या डोळ्यात कसलेही ड्रॉप टाकू नयेत. आणि अपघाताच्या आधी त्याच दिवशी नेत्रतपासणीत बाहुली मोठी करणारे ड्रॉप टाकले असतील, तर ते रुग्णालयात पहिल्यांदा सांगावं. नाहीतर औषधाने मोठी झालेली बाहुली मेंदूची समजली जाईल.

नस गेली की स्नायू कान टवकारतो

आतापर्यंतचा हिशोब सरळ होता. पुढचा भाग जास्त चमत्कारिक आहे.

नस तुटली की स्नायू ढिला पडेल आणि औषधालाही कमी दाद देईल, असं कुणालाही वाटेल. घडतं उलटं. नसेकडून रसायन येणं बंद झालं की काही दिवसांत स्नायू आपल्या अंगावर जास्तीची कुलपं उगवतो. रेंज नसलेल्या पाड्यावर लोक पत्र्यावर, झाडावर चढून फोन उंच धरतात, कुठून तरी एक काडी मिळावी म्हणून, तसंच काहीसं. मग एरवी ज्याची दखलही घेतली नसती इतक्या थोड्या औषधाने तो दचकून हलतो. अमेरिकी शास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी या गुणाचा सखोल अभ्यास केला. आर्तुरो रोझेनब्लूट यांच्यासोबत लिहिलेलं त्यांचं यावरचं पुस्तक १९४९ मध्ये आलं आणि वैद्यकात हा नियम कॅनन यांच्याच नावाने ओळखला जातो.

या नियमाचा सगळ्यात सुंदर उपयोग एका निरुपद्रवी आजारात होतो. वीस ते चाळीस वयाची बाई, बहुतेक वेळा एकच डोळा, बाहुली मोठी, टॉर्च मारला तर जवळपास हलत नाही. जवळ धरलेल्या मोबाइलकडे बराच वेळ पाहिलं तर मात्र हळूहळू आवळते आणि नजर लांब नेली तर तितकीच सुस्तपणे उघडते. गुडघ्यावर हातोडी मारली तर पायही पुरेसा उडत नाही. याला ॲडी यांची बाहुली म्हणतात. लंडनमध्ये काम करणारे विल्यम ॲडी यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला तिचं वर्णन केलं. डोळ्याच्या मागे, खोबणीत, नसांचा एक छोटा गोळा असतो. त्याला इजा झाली की हे होतं. बहुतेकांमध्ये नेमकं कारण सापडत नाही.

इथे डॉक्टर पायलोकार्पीनच घेतात, पण दहापट पातळ करून, म्हणजे ०.१ टक्का. एक टक्क्याच्या औषधाचा एक भाग आणि सलाइनचे नऊ भाग. इतक्या पातळ थेंबाने चांगली बाहुली जवळपास हलत नाही. ॲडीची बाहुली मात्र आवळते, कधी कधी तर चांगल्या डोळ्यापेक्षाही लहान होते. आधी जी मोठी होती ती आता लहान, हे पाहून रुग्णाबरोबर आलेले नातेवाईकही चकित होतात.

एवढ्यावर निकाल लावता येत नाही, कारण तिसरी नस जुनी दुखावलेली असेल तरी कधी कधी स्नायू असाच हळवा होतो. म्हणून पापणी आणि डोळ्याची हालचाल पाहिल्याशिवाय थेंबाचं उत्तर धरत नाहीत. ॲडीच पक्की झाली तर औषधोपचाराची फारशी गरज नसते. उन्हात काळा चष्मा, वाचायला गरजेप्रमाणे चष्मा. वर्षं जातात तशी ती मोठी बाहुली हळूहळू लहान होत जाते. मेंदूचा ट्यूमर असेल या भीतीने महिनाभर न झोपलेल्या बाईला हे ऐकून काय वाटत असेल, ते ज्याचं त्याला ठाऊक.

लहान बाहुली, थोडी झुकलेली पापणी

कधी दोष मोठ्या बाहुलीत नसतो, लहान बाहुलीत असतो. पसरवणाऱ्या स्नायूची लांब वळशाची नस तुटली तर बाहुली लहान राहते, पापणी एक-दोन मिलिमीटरने खाली येते आणि चेहऱ्याच्या त्या अर्ध्या भागाला घाम कमी येतो. स्वित्झर्लंडचे डॉक्टर योहान हॉर्नर यांनी १८६९ मध्ये हे नोंदवलं, म्हणून याला हॉर्नर म्हणतात.

पालघर जिल्ह्यात याची आठवण ठेवायची ती बाईकच्या अपघातांसाठी. बाईकवरून फेकला गेलेला तरुण खांद्यावर आपटतो, मान एकीकडे आणि खांदा दुसरीकडे ताणला जातो आणि हाताच्या नसा मणक्याच्या मुळापासून उपटल्या जातात. हात लुळा पडतो. त्याच बाजूची बाहुली लहान आणि पापणी झुकलेली असेल, तर डॉक्टर गंभीर होतात. याचा अर्थ नसा मुळाशीच उखडल्या असण्याची शक्यता मोठी, म्हणजे हात आपोआप सुधारेल म्हणून मालिश करत बसण्यात वेळ वाया जाणार. नसांची शस्त्रक्रिया जितकी लवकर तितकी बरी. सहा-आठ महिने हाडवैद्याकडे काढून मग मुंबई गाठली तर सर्जनच्या हातात फारसं काही उरत नाही. बिडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसाला खांद्यात-हातात सतत कळ येते आणि बाहुली लहान झाली आहे, तर छातीचा एक्स-रे काढावाच लागतो. फुफ्फुसाच्या शेंड्यावरची गाठ याच नसेला धरते. मान अचानक दुखून हॉर्नर झाला असेल, तर मानेतल्या रक्तवाहिनीची आतली सालपट फाटलेली असू शकते आणि त्यातून लकवा येऊ शकतो, तीही तातडीच.

हॉर्नर ओळखायला जुनी चाचणी होती ती कोकेनच्या थेंबाची. हो, तेच कोकेन. १८८४ मध्ये व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी डोळा बधिर करायला ते पहिल्यांदा वापरलं आणि डोळ्याच्या शस्त्रक्रियांचं चित्रच बदललं. नसेने सोडलेलं रसायन परत शोषलं जाण्यापासून कोकेन अडवतं, त्यामुळे चांगली बाहुली मोठी होते. पण नसेने काही सोडलंच नसेल तर अडवणार काय? हॉर्नरची बाहुली लहानच राहते. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे हे औषध दवाखान्यात ठेवणं सोपं राहिलेलं नाही.

आता त्याची जागा ॲप्राक्लोनिडीनने घेतली आहे. ते मूळचं डोळ्याचा दाब कमी करणारं औषध. चांगल्या बाहुलीला ते मोठं करत नाही. पण नस गेलेला, हळवा झालेला स्नायू त्याच्या अगदी किरकोळ परिणामालाही प्रतिसाद देतो. तासाभरात लहान बाहुली मोठी होते, झुकलेली पापणी वर येते आणि दोन डोळ्यांचं नातं उलटं होतं. अट एवढीच की स्नायूला हळवं व्हायला काही दिवस जावे लागतात. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी चाचणी ‘नॉर्मल’ आली म्हणून हॉर्नर नाही असं होत नाही. आणि तान्ह्या बाळांना हे औषध देत नाहीत, त्यांना गुंगी येऊन श्वास मंदावण्याचा धोका असतो.

आंधळ्या डोळ्याची बाहुली

गावात एक समज पक्का आहे : ज्या डोळ्याची नजर गेली त्याची बाहुली मोठी होते. दोष फक्त नजरेच्या नसेत असेल तर हे खरं नाही. एका डोळ्याची नजरेची नस पूर्ण गेली तरी दोन्ही बाहुल्या सारख्याच राहतात. डोळ्यातून आत गेलेला उजेडाचा निरोप मेंदूत पोचल्यावर दोन्ही बाजूंना वाटला जातो, त्यामुळे चांगला डोळा दोघांसाठी हुकूम आणतो.

फरक दिसतो तो टॉर्च हलवल्यावर. चांगल्या डोळ्यावर उजेड टाकला की दोन्ही बाहुल्या आवळतात. टॉर्च पटकन दुखऱ्या डोळ्यावर नेला की उजेड समोर असूनही दोन्ही बाहुल्या पसरतात, कारण या डोळ्याकडून निरोपच जात नाही. या तपासणीला ना यंत्र लागतं ना थेंब. आणि थेंब टाकलाच तर अशा डोळ्याची बाहुली अगदी चांगल्या डोळ्यासारखीच दाद देते. नुकसान आत जाणाऱ्या तारेचं आहे, स्नायूकडे येणाऱ्या तारेचं नाही. म्हणून बाहुली तपासायची असेल तर मोठी करणारे ड्रॉप टाकण्याआधीच तपासावी लागते. घाईच्या शिबिरात रांगेतल्या सगळ्यांना आधी ड्रॉप टाकले गेले की ही खूण पुसली जाते.

नजरेची नस जाण्याची आपल्याकडची कारणं पाहायला लांब जायला नको. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक लोक मेले. अशा दारूतलं मिथेनॉल शरीरात फॉर्मिक ॲसिड बनतं आणि ते नजरेच्या नसांवर हल्ला करतं. दारूनंतर धुकं दिसतंय, बर्फ पडल्यासारखं पांढरं दिसतंय असं कुणी म्हणालं आणि दोन्ही बाहुल्या मोठ्या, उजेडाला सुस्त असतील, तर ‘उतरेल सकाळपर्यंत’ म्हणून झोपवायचं नाही. दुसरं कारण टीबीच्या औषधातलं इथॅम्ब्युटॉल. ते थोड्याच जणांच्या नजरेच्या नसेला बाधतं, पण बाधलं तर लाल-हिरवा रंग फिका वाटू लागतो, अक्षर पुसट होतं. औषध स्वतःहून बंद करू नये. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात सांगावं, ते डोस किंवा औषध बदलतात.

बाहुली उघडतच नाही

मोतीबिंदूच्या शिबिरात वेगळीच तक्रार ऐकू येते. ‘‘तीन वेळा ड्रॉप टाकले, आजींची बाहुली काही मोठी होत नाही.’’ बऱ्याचदा अशा आजींना पंधरा-वीस वर्षांचा मधुमेह असतो. साखरेने हातापायांच्या नसा बधिर होतात तशाच बाहुलीच्या बारीक नसाही जातात, त्यात पसरवणाऱ्या स्नायूच्या आधी. ट्रॉपिकामाइड नावाचं नेहमीचं औषध फक्त आवळणारा स्नायू ढिला करतं. पसरवणारा ओढायला हजर नसेल तर बाहुली अर्धवटच उघडते. इथे पुन्हा तो हळवेपणाचा नियम मदतीला येतो : फेनिलेफ्रिन टाकलं की वाट पाहून बसलेला स्नायू चटकन ओढतो. म्हणूनच शिबिरात बहुधा दोन्ही औषधं एकत्र असलेले ड्रॉप वापरतात. फेनिलेफ्रिन रक्तदाब वाढवू शकतं, त्यामुळे बीपीच्या किंवा हृदयाच्या रुग्णाने ते आधी सांगितलेलं बरं. ज्यांच्या डोळ्याचा कोपरा अरुंद आहे त्यांना बाहुली मोठी करणाऱ्या ड्रॉपने काचबिंदूचा झटका येऊ शकतो. घरी गेल्यावर डोळा लाल होऊन ठणकायला लागला, मळमळलं, दिव्याभोवती रंगीत कडी दिसली तर सकाळची वाट पाहू नये.

ट्रॉपिकामाइडचा परिणाम वीस-तीस मिनिटांत दिसतो आणि बहुतेकांचा चार ते आठ तासांत उतरतो. ॲट्रोपीनचा मात्र आठवडा, दहा दिवस, कधी दोन आठवडेही टिकतो. तपासणीनंतर बाईक चालवत घरी जाणं टाळावं, हे सांगितलं जातं पण पाळलं जात नाही.

शेतीच्या हंगामात उलट चित्रही दिसतं. फवारणी करणाऱ्याच्या दोन्ही बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला फेस, घामाच्या धारा. हे ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं विष. ते ॲसिटिलकोलीन संपू देत नाही, किल्ल्यांचा ढीग साचतो. तिथे जीव वाचवायला जे इंजेक्शन देतात ते ॲट्रोपीन, म्हणजे धोतऱ्यातलंच द्रव्य. मात्र म्हणून फवारणीच्या विषावर कुणी धोतऱ्याचा रस पाजायला जाऊ नये. रसात औषध किती आणि कोणतं याचं माप नसतं, एका विषावर दुसरं विष होतं.

आणि मण्यार. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती रात्री चावते, दंशाची खूण नीट दिसतही नाही. सकाळी पापण्या पडलेल्या, श्वास मंद आणि कधी कधी दोन्ही बाहुल्या मोठ्या, टॉर्चला न हलणाऱ्या. माणूस गेला असं समजून रडारड सुरू होते. मण्यारीचं विष नसांची टोकं बंद पाडतं आणि बाहुलीही त्यात सापडू शकते. मेंदू आत शाबूत असतो, श्वास यंत्राने चालू ठेवला तर असे रुग्ण उठून बसले आहेत.

मोबाइल इथे कामाला येतो

दोन बाहुल्यांत थोडा फरक असणं हा आजार नाही. साधारण पाचातल्या एका माणसात, बारकाईने पाहिलं तर, असा फरक सापडतो. तो बहुधा एक मिलिमीटरच्या आत असतो आणि उजेडात-अंधारात सारखाच राहतो. म्हणून आधी जुने फोटो उघडावेत. लग्नातला, आधारसाठी काढलेला, दोन वर्षांपूर्वीची सेल्फी. बोटांनी मोठा करून डोळे पाहावेत. फरक तेव्हाही असेल तर निम्मी काळजी गेली.

फरक नवा असेल तर दोन फोटो काढावेत, एक दारात भरपूर उजेडात, एक मंद उजेडाच्या खोलीत, फ्लॅश न वापरता. उजेडात फरक वाढला तर मोठी बाहुली दोषी, ती आवळत नाही. अंधारात वाढला तर लहान बाहुली दोषी, ती उघडत नाही. ग्रामीण रुग्णालयातल्या नेत्र चिकित्सा अधिकाऱ्याला हे दोन फोटो दाखवले तर त्याची अर्धी तपासणी झालेली असते. सोबत घरातल्या सगळ्या ड्रॉपच्या बाटल्या न्याव्यात, संपलेल्याही. एकाच बाटलीतले ड्रॉप घरातली चार माणसं वापरतात आणि आजीचं ॲट्रोपीन नातवाच्या डोळ्यात जातं, असंही होतं.

तपासणीच्या दिवशी सकाळी दुसरे कुठलेही ड्रॉप टाकले असतील तर ते आधी सांगावं. काचबिंदूचं रोजचं औषध मात्र न विचारता बंद करू नये. थेंबाच्या चाचणीत औषध दोन्ही डोळ्यांत सारखं शिरायला हवं. आधीच्या ड्रॉपने किंवा डोळ्याचा दाब मोजताना बुबुळाला यंत्र टेकवल्याने एका डोळ्यात औषध जास्त मुरतं आणि निकाल फसतो. मेडिकलमधून पायलोकार्पीन आणून घरी ही चाचणी करण्याचा प्रश्नच येत नाही. थेंब टाकण्याआधी आणि नंतर एकाच उजेडात, एकाच अंतरावरून बाहुली मोजावी लागते आणि मधला पाऊण-एक तास बाकावर बसून काढावा लागतो. डबा सोबत नेलेला बरा.